उपवासाला नोबेल मिळालेलं नाही, यीस्टला मिळालंय

पेशीवाली | सोमवार, रात्री १०:१२

आषाढी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज उगवतोच. यंदा मावशीने टाकला. जपानी शास्त्रज्ञाला उपवासाच्या संशोधनासाठी नोबेल, आपल्या ऋषीमुनींना हे केव्हाच ठाऊक होतं, १६ तास पोट रिकामं ठेवा, शरीर कॅन्सरच्या पेशी आपणहून खाऊन टाकतं. खाली जोडलेले सहा हात. मावशीला उत्तर लिहायला बसले ते इतकं लांबलं, की म्हटलं इथेच धागा काढावा आणि तिला लिंक पाठवावी. (ती वाचणार नाही. पण पाठवीन.)

मी पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. अकरा वर्षं झाली, त्यातली सहा यीस्टच्या संगतीत गेली. पाव फुगवतं तेच यीस्ट. त्यामुळे या विषयात मला जरा जास्तच जीव आहे, सांभाळून घ्या.

२०१६ चं वैद्यकाचं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना एकट्याला मिळालं, हे खरं. ऑटोफॅजीसाठी मिळालं, हेही खरं. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग गिळून पचवणं. पण ओसुमींनी माणसं उपाशी ठेवली नव्हती, यीस्ट ठेवलं होतं. १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तोक्यो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटीशी प्रयोगशाळा मिळाली. यीस्टच्या पेशीत एक मोठी रिक्तिका असते. ती पेशीची कचराकुंडी, असं समजून तिच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. ओसुमींनी तीच धरली.

युक्ती अशी. रिक्तिकेत आलेला माल पचवणारी विकरंच ज्यात नाहीत असं यीस्टचं वाण घ्यायचं आणि त्याचं खाणं तोडायचं. पचन बंद, म्हणजे आत येईल ते साठत जाणार. मोरीच्या तोंडाशी बोळा कोंबला की नळाला किती पाणी येतंय ते कळतं, तसं. आणि झालंही तसंच. थोड्याच वेळात रिक्तिकेत बारीक गोळे दिसायला लागले, काही तासांत ती गच्च भरली. साधा सूक्ष्मदर्शक, भारी उपकरण काही नाही. मी हा प्रयोग शिकताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा उकळीला आलेला साबुदाणा आठवला होता. गोल, पारदर्शक दाणे एकमेकांना ढुशा देत जागच्या जागी थरथरत असतात. डोळा काढवत नाही.

ते छापून आलं १९९२ मध्ये. मग त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी यीस्टची जनुकं सरसकट बिघडवली, हजारो वाणं एकेक करून उपाशी ठेवली आणि कुठल्या पेशीत गोळे साठत नाहीत ते बघत बसले. १९९३ मध्ये पंधरा वाणांची यादी आली. पंधरा ठिकाणी यंत्र बिघडवता येतं, म्हणजे यंत्राचे निदान पंधरा भाग हाती लागले. पुढे कळलं की यातले बहुतेक भाग थोड्याफार फरकाने उंदरात आहेत आणि आपल्यातही. नोबेल या कामाचं.

शब्द मात्र ओसुमींचा नाही. तो बेल्जियमच्या क्रिस्तियां द दूव यांनी १९६३ मध्ये काढला. त्यांची गोष्ट तर मला त्याहून आवडते. १९४९ च्या डिसेंबरात ते उंदराच्या यकृतातलं एक विकर मोजत होते. ताज्या अर्कात ते अपेक्षेपेक्षा फारच कमी भरलं. नमुने फ्रिजमध्ये पडून राहिले. पाच दिवसांनी पुन्हा मोजले, तर विकर कितीतरी वाढलेलं. वाढलं कुठून? ते होतंच, पण एका पातळ पिशवीत बंद होतं. फ्रिजमध्ये पिशव्या फाटल्या आणि ते बाहेर आलं. ती पिशवी म्हणजे लायसोसोम. आपल्या शाळेच्या पुस्तकातली लयकारिका. आठवतंय का, 'आत्मघातकी पिशव्या'? परीक्षेत एका मार्काला हमखास. त्या नावाने लयकारिकेची फार बदनामी केली आहे. ती आत्मघात करायला बसलेली नसते, रोजची भांडी घासत असते.

आणि माझा मुद्दा तोच आहे. ऑटोफॅजी ही उपवासाची कमाई नव्हे. ती रोज, आत्ता, तुम्ही जेवून ढेकर देत असतानाही चालू असते. पेशीत एक पडदा वाटीसारखा वाढतो, मोडलेल्या प्रथिनांना किंवा निकामी तंतुकणिकेला (पेशीचं छोटं वीजघर, मायटोकाँड्रिया) कवेत घेतो, तोंड मिटतो आणि लयकारिकेला जाऊन मिळतो. आत सगळं विरघळतं, सुटे भाग पुन्हा वापरात येतात. उपाशीपोटी हा वेग वाढतो, कारण तेव्हा पेशीला घरातलंच विकून खावं लागतं. पण आजार होतात ते रोजची झाडलोट तुंबल्याने. २००६ मध्ये जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींतलं हे यंत्र बंद करून पाहिलं. उंदरांना खायला प्यायला व्यवस्थित होतं, कुठलं विषारी प्रथिन मुद्दाम घातलं नव्हतं. तरी मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या, चाल बिघडली, चेतापेशी मेल्या. नुसता केर काढला नाही म्हणून.

१६ तासांचा आकडा कुठून आला म्हणाल, तर माणसात ऑटोफॅजी मोजायची म्हणजे अवयवाचा तुकडा काढावा लागतो, आणि तिथेही एका क्षणाचा फोटो मिळतो, वेग नाही. अमुक तासाला बटण सुरू होतं असा माणसातला आकडा सिद्ध झालेला नाही. उंदरातले आकडे आहेत. पण उंदीर एक दिवस उपाशी राहिला तर त्याचं वजन डोळ्यांत भरण्याइतकं उतरतं. आपली एकादशी तिथवर जात नाही.

---

भाकरतुकडा | सोमवार, रात्री १०:५१

मस्त लिहिलंय. साबुदाण्याची उपमा तर खासच, आता खिचडी खाताना यीस्ट आठवणार.

एक शंका. कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं हे तरी खरं का? आमच्या ऑफिसात एकजण केमो चालू असताना तीन-तीन दिवस पाण्यावर राहतोय. घरचे काकुळतीला आलेत.

---

पेशीवाली | सोमवार, रात्री ११:२०

त्यांना आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बसवा. केमोत वजन आणि स्नायू झपाट्याने उतरतात, त्यात असा उपास मनाने करायचा नाही.

आता विज्ञान. ऑटोफॅजी म्हणजे एका पेशीने दुसरी खाणं नव्हे. पेशी *स्वतःच्या आतलं* खाते. त्यामुळे चांगल्या पेशी कॅन्सरच्या पेशींना गिळतात हे चित्रच चुकीचं.

कॅन्सरशी तिचं नातं दुतोंडी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत बेथ लेव्हिन यांच्या गटाने दाखवलं की बेक्लिन १ हे ऑटोफॅजीचं जनुक गाठींना आवर घालतं. म्हणजे झाडलोट नीट असेल तर पेशी बिघडायची शक्यता कमी. पण गाठ एकदा झाली की हेच यंत्र तिच्या कामी येतं. गाठीच्या पोटात रक्त कमी, प्राणवायू कमी, अन्न कमी. अशा दुष्काळात तग धरायला कॅन्सरची पेशी ऑटोफॅजीच वापरते. म्हणून डॉक्टरांनी उलट ती *बंद* करून पाहिली. मलेरिया-संधिवाताची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लयकारिकेतली आम्लता घालवते, पचन थांबतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत ती देऊन चाचण्या झाल्या. फार मोठं यश आलं नाही. पण दिशा बघा. मावशीचा मेसेज म्हणतो ऑटोफॅजी वाढवा, चाचणी करणारे म्हणतात बंद करा.

---

सोमवार_उपाशी | मंगळवार, सकाळी ७:०५

म्हणजे पुन्हा तेच. आपलं असलं की हसायचं. लंघन चरकसंहितेत आहे. पाश्चात्त्यांनी सांगितलं की मात्र ते शास्त्र. मी पंचवीस वर्षं सोमवार करतोय, एक दिवस दवाखान्याची पायरी चढलो नाही.

---

पेशीवाली | मंगळवार, सकाळी ८:३०

दादा, हसले नाही हो. लंघन चरकात आहेच, आणि कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये याचा विचारही तिथेच आहे. मेसेजवाल्यांनी तो दुसरा भाग गाळलाय, माझी तक्रार त्यांच्याशी. तुमच्या सोमवाराला माझा हात लागणार नाही. देवासाठी करताय, करा. (आणि ओसुमी पाश्चात्त्य नाहीत, फुकुओकाचे आहेत.)

फक्त आपल्या उपासाच्या ताटाकडे एकदा बघू. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, केळं, आटीव दूध. पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन असतं, मुकादमासारखं. अमिनो आम्लं आली, इन्सुलिन वाढलं, की मुकादम ओरडतो, बांधकाम चालू ठेवा, मोडतोड थांबवा. म्हणजे ऑटोफॅजीला लगाम. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, तो पोटात गेला की इन्सुलिन उसळतं. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे म्हणणाऱ्याला एमटॉर ठाऊक नसेल, पण निरीक्षण चोख होतं.

---

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ९:१५

एमटॉरमधला 'आर' रॅपामायसिनचा ना? त्याची कथा कुणीतरी सांगा, मला अर्धीच माहीत आहे.

---

मेलबर्नकर | मंगळवार, सकाळी ९:५८

मी सांगतो, विषय आवडीचा. ईस्टर बेट, स्थानिक नाव रापा नुई. १९६४ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम तिथे गेली होती, त्यांनी मातीचे नमुने आणले. माँट्रियलच्या एर्स्ट कंपनीत त्या मातीतल्या जिवाणूत हे द्रव्य सापडलं, बेटावरूनच नाव पडलं रॅपामायसिन. त्यामागे होते सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्या फाळणीपूर्व पंजाबातले. बुरशीवर चालतं म्हणून काढलेलं, पण प्रतिकारशक्ती दाबतं म्हणून बाजूला पडलं. ऐंशीच्या दशकात कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला. वर चिठ्ठी, 'खाऊ नका'. घरात आइस्क्रीमशेजारी. पुढे कंपनीने पुन्हा मनावर घेतलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी औषध म्हणून मान्यता मिळाली. हेच औषध पेशीत जाऊन कुणाला धरतं ते शोधताना एमटॉर सापडलं.

काहीजण तरुण राहायला हे औषध मनाने घेतात म्हणे. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे बाबांनो.

---

तळेगावचा_बंड्या | मंगळवार, दुपारी १:४०

बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज लिहितोय.

बाबांना पार्किन्सन्स निघून तीन वर्षं झाली. पहिल्यांदा कळलं ते कंपावरून नाही, अक्षरावरून. वाणसामानाची यादी बाबाच लिहायचे, पाठकोऱ्या कागदावर, ठसठशीत. हळूहळू असं व्हायला लागलं की वरची 'तूरडाळ' नीट, आणि खाली 'जिरे' येईस्तोवर अक्षर मुंगीएवढं. आम्ही म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. मग चालताना उजवा हात हलेना. तेव्हा कुठे डॉक्टर.

आता नात्यातल्या एकांनी सांगितलंय की ऑटोफॅजीने मेंदूतला कचरा जातो, त्यांना दर गुरुवारी निरंकार करायला लावा. बाबा तयार आहेत, ते कशालाही तयार असतात हल्ली. आई घाबरली आहे. ताई, तुम्ही वर लिहिलंत की केर न काढल्याने चेतापेशी मरतात. मग केर काढायला उपास बरा की नाही? सरळ सांगा.

---

पेशीवाली | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सरळ सांगते, करू नका. औषधाच्या बाजूने का, ते इथले डॉक्टर लोक माझ्याहून नीट सांगतील. मी पेशीकडून सांगते, आणि थोडं सविस्तर, कारण गेल्या काही वर्षांतलं या विषयातलं सगळ्यात देखणं काम पार्किन्सन्समध्येच झालंय.

१९९८ मध्ये जपानमध्ये काही घराण्यांत तरुणपणीच पार्किन्सन्स होत होता, त्यातून एक जनुक सापडलं, पार्किन. २००४ मध्ये दुसरं, पिंक१. दोन्ही काय करतात ते आधी कुणाला उमगेना. मग फळमाश्यांमध्ये दिसलं की दोन्हींतलं कुठलंही बिघडवा, माशी सारखीच लुळी पडते, तिच्या पंखांच्या स्नायूंतल्या तंतुकणिका फुगून फाटतात. म्हणजे दोघं एकाच साखळीत. २००८ मध्ये अमेरिकेत बेथेस्डाला रिचर्ड यूल यांच्या गटाने पाहिलं की पेशीतल्या तंतुकणिका खराब केल्या की एरवी सगळीकडे विखुरलेलं पार्किन नेमकं त्या खराब तंतुकणिकांवर जाऊन बसतं, आणि मग ऑटोफॅजी त्यांना गिळते.

पण खराब कुठली हे कळतं कसं? इथे पिंक१ची गंमत आहे. चांगल्या तंतुकणिकेच्या पडद्यावर विजेचा दाब असतो. त्या दाबाने पिंक१ आत ओढलं जातं, तिथे त्याचे तुकडे होतात आणि ते नष्ट होतं. हे अखंड चालू. चाळीत दूधवाला रोज सकाळी पिशवी दाराशी ठेवतो, घरातलं माणूस ती आत घेतं. एखाद्या दाराशी पिशव्या साठायला लागल्या की शेजाऱ्यांना कळतं, आत काहीतरी बिनसलंय. तसंच, दाब गेला की पिंक१ आत जात नाही, दारातच साठतं. मग ते तिथे खुणा करतं, त्या खुणांवर पार्किन येतं, आणखी खुणा करतं, आणि गाडी येऊन तंतुकणिका उचलून नेते.

पार्किन्सन्समध्ये मरतात त्या मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं निरोप्या रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी. त्यांचे फाटे प्रचंड पसरलेले असतात आणि त्यांना ऊर्जा सतत लागते. तंतुकणिका तिथे लवकर झिजतात. म्हणून उचलून न्यायची व्यवस्था बिघडली की पहिला फटका त्यांना.

आता बंड्या, तुझ्या प्रश्नाकडे. यात गाडी *कमी* आहे असं नाही, गाडीला पत्ता सांगणारा किंवा डेपोत, म्हणजे लयकारिकेत, रिकामी करणारा बिघडलाय. डेपो तुंबलेला असताना आणखी गाड्या भरून पाठवल्या तर काय होईल? उपासाने गाड्या वाढतील एकवेळ, डेपो दुरुस्त होणार नाही. त्यात २००४ च्या उंदरांवरच्या कामात २४ तास उपाशी ठेवल्यावर यकृत-स्नायूंत ऑटोफॅजी चढली, मेंदूत तसं काही ठळक दिसलं नाही. शरीर उपासमारीत मेंदूला शेवटपर्यंत पोसतं, त्यामुळे नवल नाही. आणि पिंक१-पार्किनचे दोष फार थोड्या रुग्णांत असतात, बहुतेक तरुण वयातल्या. बाबांचं तेच असेल असं मानू नकोस.

---

मेलबर्नकर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

त्या दारातल्या पिंक१चा प्रत्यक्ष आकार २०२५ च्या मार्चमध्ये आमच्या इथल्या संशोधकांनी दाखवला. डेव्हिड कोमांडर यांचा गट, पार्कव्हिलमधली वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्था. मी रोज १९ नंबरच्या ट्रॅमने तिच्यावरून जातो, आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता! जनुक सापडल्यावर वीस वर्षांनी मानवी पिंक१ तंतुकणिकेच्या प्रवेशद्वाराला जोडीजोडीने कसं चिकटतं ते दिसलं. त्याला हात देणारं औषध घडवायचं तर आधी कुठे पकडायचं ते दिसायला हवं, म्हणून इतकं कौतुक.

---

गल्लीतला_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९:१०

बंड्या, निरंकार उपास तर अजिबात नको. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर बीपी पडायची खोड असते. पाणी कमी पडलं की चक्कर, चक्कर आली की पडणं, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सांगत नाही. बद्धकोष्ठता असतेच, ती वाढते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर उतरण्याचा धोका वेगळाच.

वेळेबद्दल मात्र एक गोष्ट खरंच कामाची. लेवोडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी) आणि जेवणातली प्रथिनं आतड्यात आणि पुढे मेंदूच्या दारात एकाच रांगेत उभी राहतात. दूध, उसळ, पनीर, अंडं यांच्यासोबत गोळी घेतली की काहींना ती लागूच पडत नाही. साधारण अर्धा-पाऊण तास आधी, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची. मळमळ होत असेल तर कोरडं बिस्किट चालतं. काहीजणांना दुपारची प्रथिनं कमी करून रात्री खायला सांगतात, पण ते बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारून. प्रथिनं बंद करायची नाहीत, वजन उतरतं.

आणि कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुचवायच्या आत सांगतो. तिच्या बियांत लेवोडोपाच असतं, म्हणून ते 'निरुपद्रवी' नाही. चालू गोळीवर ते घेतलं तर डोस दुप्पट झाला, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

---

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ९:४८

खोकल्याच्या औषधाने पार्किन्सन्स बरा होतो असंही वाचलं होतं. तेही मावशीच्याच ग्रुपवरचं का? :)

---

पेशीवाली | मंगळवार, रात्री १०:३५

नाही, यात तथ्य आहे, फक्त 'बरा होतो' वगळून.

गोशे नावाचा दुर्मीळ आजार आहे. लयकारिकेत एका विशिष्ट स्निग्ध पदार्थाचं पचन करणारं विकर कमी पडतं, प्लीहा-यकृत फुगतात. त्या विकराचं जनुक जीबीए१. आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर गोशे होतो. एकच आली तर माणूस ठणठणीत, असं समजत होते. पण गोशेच्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की या रुग्णांच्या नात्यांत पार्किन्सन्स जरा जास्तच दिसतोय. २००९ मध्ये सोळा केंद्रांनी पाच हजारांहून जास्त पार्किन्सन्सच्या रुग्णांची माहिती एकत्र केली, आणि या जनुकाचा दोष त्यांच्यात इतरांपेक्षा पाचपटीहून जास्त सापडला. दोष असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन्स कधीच होत नाही, हेही लगेच सांगते, नाहीतर उद्या कुणी घाबरून चाचणीला पळेल. पण डेपो म्हटलं ना, तो हा. लयकारिका अर्धवट चालते, पार्किन्सन्सच्या चेतापेशींत ज्याच्या गुठळ्या दिसतात ते अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन साचत जातं.

अँब्रॉक्सॉल आपल्याकडे कफ पातळ करायला देतात, कितीतरी सिरपांत असतं. ते या विकराला नीट घडी घालायला मदत करतं, म्हणजे विकर लयकारिकेपर्यंत धड पोचतं. लंडनमध्ये सतरा रुग्णांना देऊन पाहिलं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचतं एवढं दिसलं. कॅनडातल्या लंडनमध्ये (हो, तिथेही एक आहे) पार्किन्सन्समुळे स्मृतिभ्रंश झालेल्या पंचावन्न जणांची वर्षभराची चाचणी २०२५ मध्ये आली. औषध सोसलं, पण स्मरणशक्तीत ठळक फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ३३० जणांची मोठी चाचणी सुरू झाली आहे. तिच्या निकालाची मी वाट बघतेय.

आता सिरपची बाटली खाली ठेवा. ब्रिटनमधल्या लंडनच्या चाचणीत दिवसाला १.२६ ग्रॅम देत होते. आपली गोळी ३० मिलिग्रॅमची. करा भागाकार, बेचाळीस गोळ्या. आणि सिरपात अँब्रॉक्सॉल एकटं नसतं, दम्याचं औषध मिसळलेलं असतं, ते वाढलं की हृदय धडधडतं आणि हात कापतात. कंप घालवायला कंप विकत घ्यायचा.

---

वरुडची_संत्री | बुधवार, सकाळी ११:२०

गोशेचं नाव वाचून थबकले. माझ्या चुलत भाचीला असाच लयकारिकेचा एक आजार आहे, पॉम्पे. निदान व्हायलाच दोन वर्षं गेली, प्रत्येक जण म्हणे पोरगी आळशी आहे, धावत नाही. औषधाचा खर्च ऐकून घरातले गप्पच बसले होते जी.

---

पेशीवाली | बुधवार, दुपारी १२:०५

ताई, वाईट वाटलं. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारचं २०२१ चं धोरण आहे, त्यात नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक. नाव नोंदवलं नसेल तर आजच विचारा. रक्कम आयुष्यभराच्या औषधाला पुरत नाही, हेही खरं.

पॉम्पे हा लयकारिकेचा म्हणून ओळखला गेलेला पहिला आजार. द दूव यांच्याच सहकाऱ्याने, हेन्री-जेरी हर्स यांनी, १९६३ मध्ये ते दाखवलं. ऑटोफॅजी शब्दाचंही तेच वर्ष. पॉम्पे हे डच डॉक्टर होते. १९३२ मध्ये त्यांनी आजाराचं वर्णन केलं, आणि महायुद्ध संपत आलेलं असताना १९४५ मध्ये नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या.

---

भाकरतुकडा | बुधवार, दुपारी २:३०

ऑटोफॅजी जन्मापासूनच बंद असलेली माणसं असतात का? का ती जन्मतच नाहीत?

---

पेशीवाली | बुधवार, रात्री १०:५०

हा प्रश्न आमच्यातल्या कित्येकांनी विचारला नव्हता, कारण उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. उंदराचं पिल्लू जन्मलं की नाळ तुटते, दूध सुरू होईपर्यंत काही तास जातात. त्या काही तासांत ऑटोफॅजी एकदम चढते, पिल्लू स्वतःलाच थोडं खाऊन तग धरतं. जपानमध्ये २००४ मध्ये दाखवलं की हे यंत्र नसलेली पिल्लं दिसायला धडधाकट जन्मतात आणि दिवसभरात मरतात. (मावशी, हा खरा उपास. जन्मल्या जन्मल्या सगळ्यांनी केलेला.)

म्हणून धरून चालले होते की माणसातही या यंत्राचं जनुक पूर्ण गेलं तर मूल जगणार नाही. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या गटाने पाच कुटुंबांतली बारा माणसं दाखवली, ज्यांच्यात एटीजी७ हा यंत्राचा गाभ्याचा भाग जवळजवळ किंवा पूर्णच निकामी आहे. ती जगली आहेत. चालताना तोल जातो, लहानपणी वाढ मागे राहिली, लहान मेंदूत दोष आहे. पण जगली आहेत, काही मोठी झाली आहेत. कशी, यावर आमच्या प्रयोगशाळेच्या चहाच्या टेबलावर अजून भांडणं होतात. माझं मत, कचरा उचलायची दुसरी वाट असणार, आणि ती माणसात उंदरापेक्षा रुंद असणार. माझा सहकारी म्हणतो, यंत्र पूर्ण बंद नसेलच, कुठेतरी किलकिलं असेल.

---

सोमवार_उपाशी | गुरुवार, सकाळी ६:५५

पूर्ण वाचलं. तो पिल्लाचा उपास मनाला लागला. सोमवार सोडणार नाही, पण मेसेज पुढे पाठवणं बंद. बंड्या, बाबांना नमस्कार सांग.

---

तळेगावचा_बंड्या | शनिवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. गुरुवारचा विषय डॉक्टरांपुढे काढला, त्यांनी हातच जोडले. वेळांचं विचारलं, तर म्हणाले हे मी पहिल्या दिवशीच लिहून दिलं होतं. घरी येऊन फाईल काढली, होतं खरंच, मागच्या पानावर. तीन वर्षं आई सकाळची गोळी दुधाच्या पेल्याबरोबर देत होती, पोटात जळजळ नको म्हणून.

आता सहाला गोळी आणि पाणी, दूध पावणेसातला. फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. ते बाबांनीच लिहिलं, आईने रेघा मारून दिल्या, दोन बोटं अंतर ठेवून. रेघा असल्या की अक्षर खाली उतरत नाही, हे तिचं तिनेच शोधून काढलं. शेवटची ओळ 'रात्री ९, गोळी' वरच्याएवढीच आली आहे.